काटेरी करडईचा बिनकॅफीनचा चहा

मंगळवेढ्याचं काळं रान बघायचं तर डिसेंबर-जानेवारीत. भीमा आणि माण या दोन नद्यांच्या मधल्या शिवारात नजर पोचेल तिथवर मालदांडी ज्वारी उभी असते. कणसं चिकात आलेली असतात आणि हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या असतात. या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ‘मंगळवेढ्याची ज्वारी’ हे नाव कायद्यानेही मंगळवेढ्याच्या मालकीचं झालं. तिच्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. या प्रकरणात मात्र ज्वारीच्या कडेने पिवळ्या-केशरी फुलांच्या ज्या ओळी उभ्या असतात, त्यांच्याकडे बघायचं आहे. ती करडई.

ज्वारीत करडईच्या ओळी टाकायची रीत या भागात जुनी आहे आणि तिच्यामागे पक्का व्यवहार आहे. करडईच्या पानाला आणि बोंडाला काटे असतात, त्यामुळे बांधावरची ओळ कुंपणाचं काम करते. चरायला आलेलं जनावर तोंड घालतं आणि मागे सरतं. दुसरं म्हणजे तिचं सोटमूळ खोल जातं. ज्वारी वरच्या थरातली ओल पिते, करडई खालची. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि त्यातलाही बराचसा परतीच्या पावसावर अवलंबून असणाऱ्या मुलखात ही वाटणी फार मोलाची. कोवळा पाला लसूण आणि मूगडाळ घालून भाजीला, बी घाण्यावर तेलाला, पेंड गुरांना. झाडाचं सगळं कामाला येतं. फूल तेवढं बोंडावरच वाळतं आणि वाऱ्याने उडून जातं.

हेच उडून जाणारं फूल आता पुड्यांमध्ये भरून चहा म्हणून विकलं जातं. पुडीवर ‘कॅफीनमुक्त’, ‘हर्बल’ आणि ‘आरोग्यदायी’ हे शब्द हमखास असतात. पहिला शब्द खरा आहे. दुसऱ्याने काहीच कळत नाही. तिसऱ्याची मात्र नीट झडती घ्यायला हवी, कारण हा चहा ज्या बाईला सर्वांत आधी सुचवला जाईल, नेमका तिनेच तो पिऊ नये.

आधी हा चहा आपल्याकडे कुठून आला ते पाहू. सोलापूरला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे आणि करडईच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं कामही तिथे चालतं. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची सोलापुरातली परंपरा 1930 च्या दशकापासूनची. भीमा, फुले कुसुमा, एसएसएफ-708, फुले चंद्रभागा अशा वाणांची नावं इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात. पण या सगळ्या कामाचा रोख तेलावर होता, आणि ते स्वाभाविकच म्हणायचं. फुलाकडे गांभीर्याने पाहिलं ते शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने. बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये काढलेली ही संस्था मेंढ्या, शेळ्या, गोड ज्वारी आणि करडई अशा कोरडवाहू माणसाच्या गरजांवर काम करत आली. तिथले करडई-पैदासकार डॉ. व्रिजेंद्र सिंग यांच्या चमूने बिनकाटेरी करडईचा देशातला पहिला संकरित वाण तयार केला. ‘नारी-एनएच-1’ हे त्याचं नाव, आणि तो 2001 च्या सुमारास प्रसारित झाला. काटे गेल्यावर फुलाला हात लावणं शक्य झालं. मग पाकळ्या वेचायच्या कशा, त्यांचा चहा करता येईल का, हे प्रश्न आले. संस्थेने पाठीवर अडकवून हवेच्या ओढीने पाकळ्या खेचून घेणारं एक यंत्रही बनवलं.

काट्याचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. काटेरी करडईची काढणीच मुळात पहाटे करतात, कारण दवाने काटे नरम पडलेले असतात. ऊन चढलं की हाताला कापड गुंडाळूनही सोसत नाही. अशा झाडावरून चिमटी-चिमटीने पाकळ्या वेचणं हे एका दिवसाच्या मजुरीत बसणारं काम नाही. म्हणून पाकळ्यांसाठी करडई लावायची तर बिनकाटेरी हवी आणि बांधाला राखण म्हणून लावायची तर काटेरीच हवी. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यापुढे हा पेच आहे. माझ्या मते बांधावर काटेरी आणि आत हरभऱ्यात सहाला तीन ओळी बिनकाटेरी, असा मेळ घालून बघण्यासारखा आहे. वेचणीची वेळही महत्त्वाची. फूल पिवळ्यावरून केशरी-लाल होऊन मलूल पडलं की पाकळ्या घ्यायच्या. तोवर परागीभवन उरकलेलं असतं, त्यामुळे बियाचं नुकसान होत नाही. म्हणजे तेलही मिळतं आणि फूलही.

पाकळी आपण सवयीने म्हणतो. करडईचं एक फूल दिसतं ते खरं तर अनेक बारीक नळीसारख्या फुलांचा झुबका असतो. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांचीही रचना तशीच, कारण ही सगळी एकाच कुळातली. हे कूळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या फुलात दोन रंग राहतात आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. पिवळा रंग पाण्यात झटकन उतरतो. लाल रंग, ज्याला रसायनशास्त्रज्ञ कार्थमिन म्हणतात, पाण्याला दाद देत नाही. तो काढायला खार लागतो. जुन्या रंगाऱ्यांनी हे रसायन प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं. फुलं पाण्यात चुरून धुवायची, पिवळं पाणी फेकून द्यायचं, मग पापडखाराच्या पाण्यात लाल रंग उतरवायचा आणि शेवटी लिंबाचा रस घालून तो कापडावर बसवायचा. कुसुंबी शेला रंगायचा तो असा. इजिप्तमधल्या ममींच्या कापडावरही करडईचा रंग सापडलाय आणि इंग्रजी कचेऱ्यांतल्या दप्तरांना बांधायच्या लाल फितीही एके काळी याच फुलाने रंगायच्या. रंगाऱ्याने फेकून दिलेलं ते पिवळं पाणी म्हणजेच आजचा चहा. रंगाऱ्याच्या लेखी जो मळ होता, त्याचे आता ग्रॅमवर पैसे मिळतात.

त्या पिवळ्या पाण्यात काय असतं? मुख्य घटक हायड्रॉक्सीसॅफ्लॉर यलो-ए नावाचा. तो उष्णता फारशी सोसत नाही आणि खारट, अल्कधर्मी पाण्यात बिघडतो. थोड्या आंबटपणात मात्र टिकून राहतो. त्याच्या जोडीला काही फ्लॅव्होनॉइड आणि इतर पॉलिफेनॉल असतात. चीनमध्ये या फुलाला होंगहुआ म्हणतात आणि तिथल्या परंपरागत वैद्यकात ते चहा नाही, औषध आहे. रक्ताची ‘साकळ’ मोकळी करणारं, अडलेली पाळी आणणारं, मुका मार आणि सूज यांवर द्यायचं औषध. चीनच्या अधिकृत औषधकोशात त्याची मात्रा दिवसाला 3 ते 10 ग्रॅम दिलेली आहे आणि गर्भवतीला जपून द्यावं असा इशाराही आहे. पुढे तिथल्या संशोधकांनी कडवटपणा नसलेला, सुवासिक असा पाकळ्यांचा चहा तयार केला आणि त्यात अमिनो आम्लं, खनिजं, ब गटातली काही, तसंच क आणि ई ही जीवनसत्त्वं असल्याचं नोंदवलं. आपल्याकडच्या पुड्यांवर दिसणारी यादी बहुधा त्याच उगमातून वाहत आली असावी.

ती यादी खोटी नाही, पण कपभर चहाच्या हिशेबात बसत नाही. वाळलेल्या पाकळ्या फार हलक्या असतात. एका कपाला चिमूटभर, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर पाकळ्या पडतात. त्यातलं क जीवनसत्त्व काय असणार, आणि उकळत्या पाण्यात उरणार किती? एका पेरूत दिवसभराची गरज भागून उरेल इतकं असतं. ई जीवनसत्त्व तर पाण्यात विरघळतच नाही. ते तेलातलं. करडईच्या बियाच्या तेलात ते भरपूर असतं, त्यातच लिनोलिक आम्लही असतं, आणि करडईच्या नावाने हृदयासाठी जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं या तेलाबद्दलचं आहे. बियाचा गुण फुलाच्या खात्यावर जमा करायचा हा हिशेब जाहिरातीत सर्रास चालतो.

‘आयुर्वेदात सांगितलंय’ हाही असाच एक हुकमी शिक्का. आयुर्वेदाला कुसुंभ, म्हणजे करडई, चांगली ठाऊक होती. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जिथे प्रत्येक गटातल्या सर्वांत अहितकर पदार्थांची यादी आहे, तिथे वनस्पतींपासून मिळणाऱ्या स्नेहांमध्ये नाव आहे ते करडईच्याच तेलाचं. म्हणून कोणी घाण्याचं करडई तेल टाकून देऊ नये. मी तरी देणार नाही, करडईच्या तेलातली शेंगदाण्याची चटणी सोडणं मला परवडणारं नाही. मुद्दा इतकाच, की ग्रंथाचं नाव घेणाऱ्याने ग्रंथ उघडून बघावा.

आता कॅफीनकडे वळू. कॅफीन हे काही मोजक्याच झाडांनी बनवलेलं रसायन आहे. चहा, कॉफी, कोको, कोला, माटे, ग्वाराना अशी ती यादी. करडईत ते नाही, यात करडईचा काही पराक्रम नाही. गवती चहात नाही, तुळशीत नाही, पुदिन्यात नाही, ज्वारीच्या आंबिलीतही नाही. आपल्या नेहमीच्या दुधाच्या चहात कपाला साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं युरोपच्या आणि अमेरिकेच्या अन्नसुरक्षा यंत्रणा सांगतात. म्हणजे चार-पाच कप चहा पिणारा शेतकरी कॅफीनच्या बाबतीत मर्यादेच्या बराच आत असतो. त्याला धोका आहे तो साखरेचा. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली, तर पाच कपांत पन्नास ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराच्या वरून घातलेल्या साखरेची घालून दिलेली कमाल मर्यादा प्रौढ माणसासाठी जवळपास तेवढीच आहे, आणि शक्य तर त्याच्या निम्म्यावर यावं असं ती सुचवते.

माझ्या मते करडईच्या चहाचा सर्वांत भक्कम फायदा इथेच आहे. तो दूध-साखरेशिवाय पिता येतो. रात्रीच्या जेवणानंतर चहाची तलफ येणाऱ्या माणसाने त्याऐवजी हा घेतला, तर झोपेत व्यत्यय येत नाही. शरीरात गेलेलं कॅफीन निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगातच असतं. ज्यांना चहाने छातीत जळजळतं त्यांनाही बदल म्हणून बरा. फक्त चहा एकदम तोडला तर दोन-तीन दिवस डोकं दुखतं, तेव्हा तो टप्प्याटप्प्याने कमी करावा. हे सगळे फायदे खरे आहेत, पण त्यांतला एकही करडईमुळे होत नाही. चहा, दूध आणि साखर बाजूला सरकल्यामुळे ते होतात. गवती चहाची दोन पाती उकळली तरी तेच होईल, आणि ती परसात फुकट उगवतात.

मग खास करडईचे म्हणून काय गुण आहेत? चीनमध्ये पिवळ्या रंगद्रव्याचं इंजेक्शन हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या तक्रारींत वापरतात. त्यावरचे अभ्यासही पुष्कळ आहेत, पण त्यांपैकी अनेकांची पद्धत कच्ची आहे आणि ते चीनबाहेर फारसे पडताळून पाहिले गेलेले नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिरेतून दिलेलं औषध आणि घोट-घोट प्यायलेला चहा यांची तुलनाच होत नाही. उंदरांना हा घटक तोंडावाटे दिला, तेव्हा त्यातला जेमतेम एक टक्का रक्तात पोचला. म्हणून पुडीवर हृदयविकार, संधिवात, रक्तदाब, मधुमेह अशी लांबलचक यादी दिसली तर पुडी खाली ठेवावी. चवीसाठी विकणारा विक्रेता मला अधिक विश्वासाचा वाटतो.

आता यात एक पेच दिसतो. रक्तात इतकं कमी पोचत असेल तर चहाचा अपायही कमीच असेल की! रोजच्या एखाद्या कपाबाबत, निरोगी माणसाच्या बाबतीत, ते बरोबर आहे. पण फुलात तो एकच घटक नाही, मात्रा प्रत्येकाच्या हाताने बदलते आणि काही माणसांच्या बाबतीत थोडाही धोका घेण्याचं कारण नसतं.

त्यात पहिली गर्भवती. कॅफीन कमी करायची खरी गरज कोणाला असेल तर तिला. गरोदरपणात शरीर कॅफीन फार हळू बाहेर टाकतं. शेवटच्या महिन्यांत पाच तासांऐवजी पंधरा तासांच्या घरात वेळ लागतो. म्हणून तिच्यासाठीची मर्यादा युरोपात निम्म्यावर, म्हणजे 200 मिलिग्रॅमवर आणली आहे. दवाखान्यात ‘चहा कमी करा’ असं सांगितलं जातं, घरात कोणीतरी ‘कॅफीनमुक्त, हर्बल’ लिहिलेली पुडी आणतं आणि सासूबाई प्रेमाने कप पुढे करतात. आणि करडईचं फूल तर शतकानुशतकं पाळी आणण्यासाठी, गर्भाशयाला चालना देण्यासाठी वापरलेलं औषध. उंदरांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेने गर्भाला अपाय झाल्याचंही दिसलंय. कपभर चहाने गर्भपात होतोच असं कोणी म्हणत नाही, पण गरोदर बाईने हा चहा पिऊ नये, हा सल्ला निःसंदिग्ध आहे. तिला कोमट लिंबूपाणी आहे, ताक आहे, ज्वारीची आंबील आहे. दिवसातून एक-दोन कप नेहमीचा चहासुद्धा तिला या चहापेक्षा चांगला. पाळी लांबली म्हणून घरगुती उपाय करू पाहणाऱ्या मुलींनी आणि बायांनीही आधी गर्भधारणेची तपासणी करावी. ती पट्टी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते.

दुसरे, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे. हृदयात स्टेंट बसवलेले, झडप बदललेले, अर्धांगाचा झटका येऊन गेलेले लोक आता प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्या डब्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन असतं. ‘हृदयासाठी चांगला’ म्हणून हा चहा त्यांच्यापर्यंत आधी पोचतो. करडईच्या फुलाचा पारंपरिक गुण आणि या गोळ्यांचं काम एकाच दिशेचं आहे. त्यांची बेरीज झाली तर हिरड्यांतून, नाकातून किंवा पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. वॉरफेरिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवीन काढा किंवा चहा सुरूच करू नये. पोटात अल्सर असलेल्यांनी आणि पाळीत फार अंगावरून जाणाऱ्या बायांनी हा चहा टाळावा, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी तो बंद करावा.

तिसरी गोष्ट आपल्या मुलखाची आहे. मघाशी ज्या कुळाकडे लक्ष द्यायला सांगितलं, त्याच कुळात गाजरगवतही येतं. 1955 साली पुण्यात नोंदलं गेलेलं हे परदेशी तण आज सोलापूर जिल्ह्यात बांध, रस्ते, पडीक रान सगळीकडे माजलेलं आहे. खुरपणी करणाऱ्या कित्येकांना त्याने हाताला, मानेला, पापण्यांना खाज सुटते आणि कातडी काळवंडून जाड होते. एका झाडाची ॲलर्जी जडलेल्या शरीराला त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचीही होऊ शकते. शेवंती आणि गाजरगवत यांच्यात असं नातं दिसलेलं आहे. ज्याला गाजरगवताचा त्रास आहे त्याने करडईचा चहा पहिल्यांदा घेताना दोन घोटांवर थांबावं. ओठ किंवा जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर पुन्हा वाटेला जाऊ नये, आणि श्वास अडखळत असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

लोहाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण त्याची चर्चा हर्बल चहाच्या बाबतीत जवळपास होतच नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. जेवणासोबत चहा प्यायल्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. गैरसमज असा, की हे कॅफीनमुळे होतं आणि म्हणून बिनकॅफीनच्या चहाने होणार नाही. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावासोबत वेगवेगळी पेयं देऊन लोहाचं शोषण मोजलं होतं. काळ्या चहाने ते 79 ते 94 टक्के घटलं. पुदिन्याच्या चहाने 84 टक्के. कॅमोमाइल या फुलाच्या चहाने 47 टक्के. पुदिन्यात आणि कॅमोमाइलमध्ये कॅफीनचा लवलेश नाही. लोह अडवतात ते पॉलिफेनॉल, म्हणजे ज्यांना जाहिरातीत ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून मिरवलं जातं तीच मंडळी. त्या अभ्यासात करडई नव्हती, पण पॉलिफेनॉल तिच्यातही आहेत. ज्वारीच्या भाकरीत लोह असतं आणि ते अडवणारे घटकही असतात. तेव्हा भाकरी खाताना सोबत लिंबू, कच्चा कांदा, टोमॅटो घ्यावा आणि कुठलाही चहा जेवणाआधी किंवा जेवणानंतर निदान तासभर अंतराने. लोहाच्या गोळीसोबत तर नाहीच.

फुलाच्या गुणदोषांइतकाच महत्त्वाचा आहे त्याच्या वाटेवरचा प्रवास. करडईवर मावा पडतो, उशिरा पेरलेल्या पिकावर जास्त. त्यासाठी फवारणी होते. बी टरफलाआड असतं. पाकळी मात्र उघड्यावर असते, तिला कोणी धूत नाही आणि ती सरळ कपात जाते. तेलासाठीच्या फवारलेल्या रानातून जाता-जाता पाकळ्या गोळा करून विकणं म्हणूनच गैर आहे. पाकळ्यांसाठीचा तुकडा वेगळा राखावा, तो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वेळेवर पेरावा म्हणजे माव्याच्या तावडीतून बराचसा सुटतो, आणि फुलोऱ्यात त्यावर फवारा मारू नये. पाकळ्या सावलीत, कापडावर पातळ पसरून वाळवाव्यात. दमट राहिल्या तर बुरशी धरते.

भेसळ दोन्ही बाजूंनी होते. केशरात करडईच्या पाकळ्या मिसळणं हा जुनाच धंदा आहे, आणि करडईच्या शिळ्या, फिकट पाकळ्यांना कृत्रिम रंग लावणं हा नवा. ओळखायला रंगाऱ्याचंच ज्ञान कामी येतं. काचेच्या पेल्यात गार पाण्यावर थोड्या पाकळ्या टाका. खऱ्या असतील तर पाणी सोनेरी पिवळं होईल आणि पाकळ्या लालसरच राहतील, कारण लाल रंग पाण्यात उतरत नाही. पाणीच लाल-नारिंगी झालं आणि पाकळ्या पांढऱ्या पडल्या तर तो रंग बाहेरून लावलेला आहे.

चहा करायचा तो असा. पाणी उकळून गॅस बंद करावा, कपाला चिमूटभर पाकळ्या टाकून पाच मिनिटं झाकण ठेवावं आणि गाळावं. पाकळ्या घालून उकळत ठेवू नये. रंग बिघडतो आणि कडसर, पालापाचोळ्यासारखी चव उतरते. वरून चार थेंब लिंबू पिळलं की रंग खुलतो. नुसत्या पाकळ्यांची चव सगळ्यांना रुचेल असं नाही, म्हणून गवती चहाचं पातं किंवा आल्याचा तुकडा घालतात. दिवसाला एक, फार तर दोन कप. लहान मुलांना याची रोजची सवय लावू नये.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बोलायला हवं. करडईचं क्षेत्र गेल्या काही दशकांत फार घटलं. सोयाबीन, ऊस आणि बाहेरून येणारं स्वस्त पामतेल यांनी तिची जागा खाल्ली. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातली गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी झगडत आहेत. तिथे पाण्याविना येणाऱ्या एकाच पिकातून तेल, पेंड आणि वर पाकळ्या असं तिहेरी उत्पन्न मिळणार असेल, तर ते मिळायलाच हवं. ज्वारीच्या मानांकनामुळे गावाच्या नावाला किंमत आलेलीच आहे. महिला बचत गटांना वेचणी, वाळवणी, पुड्या भरणं ही कामं जमण्यासारखी आहेत. फक्त विकताना दोन नियम पाळावे लागतील. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या मानकांत ‘चहा’ म्हणजे चहाच्या झुडपापासूनचाच. वनस्पतींच्या इतर पेयांना ते नाव लावू नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा बजावलं आहे. तेव्हा आपण बोलताना चहा म्हणू, पण पुडीवर ‘करडई पाकळ्यांचं पेय’ असं काहीतरी लिहावं लागेल. आणि रोग बरा करण्याचा दावा खाद्यपदार्थावर करता येत नाही.

मंगळवेढ्यात किंवा आणखी कुठेही जो कोणी गट हा उद्योग सुरू करेल, त्याला एक विनंती. पुडीवर ‘कॅफीनमुक्त’ ज्या ठळक अक्षरांत छापाल, त्याच आकारात, मराठीत, त्याच बाजूला हेही छापा: ‘गर्भवतींनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे पेय घेऊ नये.’